लॉकरमधला बाळकृष्ण

बेसमेंटमधली खोली मालकाने अचानक रिकामी करायला लावली, तेव्हा कॅनडातल्या एडमंटनमध्ये कडाक्याची थंडी होती. मी रोज वेगळ्या मित्राकडे झोपायचो. आईने दिलेला बाळकृष्ण मात्र कॉलेजच्या लॉकरमध्ये ठेवला होता. सकाळी लॉकर उघडला की हात जोडण्याआधी बूट काढावेत की नाही, तेच कळायचं नाही. कॉरिडॉरमध्ये कसलं आलंय सोवळं! तरी काढायचो.

एकदा पंजाबी सिक्युरिटी गार्डने हटकलं, "जूते पहनो बेटा, ये घर है क्या तुम्हारा?"

मी चिडून बूट चढवले आणि लॉकर बंद केला.

संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, "देव नीट ठेवलेस ना?"

"हो गं, घरीच आहेत."

मी खोटं बोललो की खरं, ते मला अजून कळलेलं नाही.