अधोगतीचा मुहूर्त

देवयानी आराध्ये विमान चालवायला शिकवते आणि सुट्टी मिळाली की त्याच विमानातून उडी मारते. या दुसऱ्या गोष्टीबद्दल तिच्या वडिलांचं, वासुदेव गुरुजींचं, मत एका शब्दाचं होतं : अधोगती.

शब्दात व्याकरणाची चूक नव्हती, हीच अडचण. विमान वर जातं ती ऊर्ध्वगती. ती त्यांनी केव्हाच मान्य केली होती. दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांना ते कौतुकाने सांगत, "कन्या वैमानिक आहे," आणि तिथे थांबत. कन्या विमानातून खाली कशी येते हे कुणी विचारत नसे.

लक्षणं लहानपणीच दिसली होती. संकठा घाटाच्या बुरुजावरून पोरं गंगेत उड्या टाकत. एकदा त्यांत एक फ्रॉकही दिसला. गुरुजींनी तिला कानाला धरून घरी आणलं.

"आपल्या लोकांनी काशीत एवढ्या पायऱ्या बांधल्या त्या कशाला? उतरायलाच ना?"

चाळिशी उलटली तरी देवयानीच्या उड्या थांबलेल्या नाहीत. मात्र दरवाजा उघडलेल्या विमानाच्या कडेवर बेधडक उभी राहणारी ही बाई वडिलांच्या पंचांगाबाहेर पाऊल टाकत नाही. गुरुवारी दक्षिणेला जायचं नाही म्हणजे नाही. जाणं टळतच नसेल, तर आदल्या दिवशी चांगली वेळ बघून सोबतची एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालाच असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी ती उचलून गाडी गाठायची.

गेल्या माघात शुक्रवारी मध्य प्रदेशातल्या एका धावपट्टीवर स्पर्धा होती. आकाशातून येऊन जमिनीवरच्या ताटलीएवढ्या खुणेच्या नेमक्या मध्यावर टाच टेकवायची; देशाचा विक्रम तिच्या टप्प्यात होता. तिकीट गुरुवारचं, दिशा दक्षिण. म्हणून बुधवारी दुपारी तिने गुरुजींना विचारलं, "अण्णा, प्रस्थान कधी ठेवू?"

"प्रवासाचं सांगतो. उडीचं विचारू नकोस. पंचांगात खाली पडायचा मुहूर्त नाही. मुलीची अधोगती मीच वेळ काढून करू?"

"पडत नाही हो, उतरते."

"इथून तेच दिसतं."

विक्रमाचा चषक घेऊन आली तरी हा माणूस त्याला अधोगतीचा चषक म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. तो शब्द एकदा त्यांच्या तोंडून जावा, एवढंच तिला हवं होतं.

सांगितल्या वेळी तिने पॅराशूटची पिशवी गल्लीपलीकडच्या लीलाकाकूंच्या देवघरात ठेवली आणि चहाला घरी परतली. चहा कपातच राहिला. समोरून आधी फट्‌ असा आवाज आला, मग पितळी भांडं घरंगळल्याचा आणि शेवटी काकूंची हाक.

"देवयानीऽ! तुझं सामान उठलं गं!"

देवघरात पांढरं कापड पसरलं होतं. त्याखाली देव होते. समई आडवी होती. नशिबाने दुपारची विझलेली. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात लोखंडी मूठ होती.

"हाथ मत लगाना!" देवयानी ओरडली. घाबरली की ती हिंदीत जाते.

"आता काय लावू? खिडकीतून बंदर येतात, पिशव्या पळवतात म्हणून वर टांगत होते. मूठ दिसली, मुठीला धरून उचललं. एवढं रागवायचं काय त्याला?" काकूंनी कापडाकडे पाहिलं. "देवांवर पडलंय. धुतलेलं आहे ना?"

ती मूठ राखीव पॅराशूटची होती. ओढली की आतली स्प्रिंग सुटते आणि मग ते पुन्हा भरायचं काम परवानाधारक तंत्रज्ञाचं. असा माणूस धावपट्टीवर होता, पण गुरुवारपुरता. गुरुवारच्या तिकिटाने शुक्रवारी पहाटे पोहोचून स्पर्धा मिळणार नव्हती.

गुरुजी धोतर सावरत आले. कापड पाहिलं, पिशवी पाहिली.

"पिशवी अजून फुगलेली कशी?"

"आत पहिलं आहे. हे दुसरं. पहिलं उघडलं नाही तर लागतं."

"दोन असतात?"

"नियमच आहे, अण्णा."

"इतकी वर्षं मला वाटत होतं, एका चादरीवर उड्या मारतेस." ते पाटावर बसले. कापडाचं टोक बोटांत चोळत राहिले. "म्हणजे हे प्रस्थानच की. मुख्य वेळ हुकली तर हाताशी दुसरी."

"तसंच समजा."

"मग हे पडणं नव्हे. एवढी तजवीज करून कुणी पडत नाही." त्यांनी घसा साफ केला. "गंगा आली, तिला कुणी अधोगती म्हटलं नाही. अवतरण म्हटलं. ऊठ. आज बुधवार, दक्षिण मोकळी आहे. संध्याकाळची बस पकड."

"अवतरण," देवयानी पुटपुटली. तेलाने बरबटलेलं कापड गोळा करता करता तिने त्याच हाताने नाक पुसलं.

"अवतार आधी आरशात बघ," काकू म्हणाल्या. "समईचं तेल नाकापर्यंत आलंय."

बस मिळाली. पॅराशूट गुरुवारी भरून झालं आणि शुक्रवारी टाच जिथे टेकायची तिथेच टेकली. विक्रम झाला. फोनवर गुरुजींनी विचारलं, "दुसरं लागलं का?" नाही म्हटल्यावर समाधानाने म्हणाले, "प्रस्थानही लागलं नाही."

हल्ली ते यजमानांना सांगताना अर्ध्यावर थांबत नाहीत. "कन्या वैमानिक आहे, शिवाय अवतरण करते," असं पूर्ण सांगतात. यजमान दचकून हात जोडतात. कन्येच्या अंगात येतं, अशी त्यांची समजूत होते. परवा दोघी बायका तिच्या पाया पडायला घरापर्यंत आल्या. देवयानीने वडिलांकडे पाहिलं. गुरुजी पंचांगात पुढच्या अवतरणाचा मुहूर्त बघत होते.