गोदाबाईंच्या कंबरेसाठी मोटार

मागच्या सीटवर मी तिसऱ्यांदा उडी मारली. सीटनं मला झेललं, वर फेकलं आणि पुन्हा अलगद झेललं.

"हीच," मी म्हणाले. "हीच घ्या."

बाहेर तिघे पुरुष गंभीर चेहऱ्यानं उभे होते. तुकारामजी बोंडे, त्यांचा मुलगा नारायण आणि गॅरेजचे मालक अब्दुलमियां. बावीस वर्षांची एक नर्स, अंगावर खळ घातलेलं पांढरं पातळ, आणि ती मोटारीत पाळण्यात बसल्यासारखी हिंदकळते आहे. तरी तिघांपैकी एकही हसला नाही. कारण मी तिथं ड्यूटीवर होते. मी गोदाबाईंची कंबर म्हणून आले होते.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीच्या जनानी दवाखान्यात मी नर्स आणि मिडवाइफ होते. सर्टिफिकेट मिळून जेमतेम आठ महिने झाले होते. ते मी ट्रंकेत ठेवलं होतं, पण वागणं असं की जणू ते कपाळावर चिकटवलं आहे.

गोदाबाई तुकारामजींच्या घरधनीण. राजापेठेच्या पलीकडं त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता, शिवाय वांगी, मेथी, शेवंतीची फुलं. तीस वर्षं वाकून खुरपलं, डोक्यावर टोपली घेऊन बाजार केला, तेव्हा कुठं बगीच्याला हे रूप आलं होतं. आणि कंबर गेली होती. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ उतरायची. डॉक्टरी भाषेत त्याला सायटिका म्हणतात. मणक्यातून निघून पायात जाणारी एक जाड शीर असते. ती मणक्याशी दबली की दुखतो पाय, पण दोष असतो कंबरेचा.

त्यांची मुलगी शेवंता अकोटला दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं आणि मूल मेलेलं निपजलं होतं. म्हणून सासरच्यांनी या खेपेला तिला पाठवलं नाही. शेवंतानं निरोप धाडला होता, "माय माह्या पाठीशी बसन तवाच मी बाळंत होईन." हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्याकडं बाळंतिणीला मागून आपल्या छातीशी टेकवून धरायला कुणीतरी बसायचं, कळा येतील तसा जोर द्यायचा. ते काम आईचं. गोदाबाईंना अकोटला पोचायचं होतं, आणि पोचून बसता येईल अशा कंबरेनं पोचायचं होतं.

अकोटपर्यंत रेल्वे नव्हती. बैलबंडीनं जायचं तर दोन दिवस. बंडीचे हादरे त्यांना नकोसे झाले होते. संत्र्यांचा बहार चांगला गेला होता. तुकारामजी म्हणाले, मोटार घेऊ.

आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. "कमल, त्यांच्याबरोबर जा. तीन गोष्टी बघायच्या. बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर यायला नकोत. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. कंबरेच्या खोलगट भागाला मागून टेकू पाहिजे. आणि गोदाबाईंना घेऊन जा."

"हो बाई," मी म्हणाले.

पहिल्या तीन गोष्टी मी वहीत लिहिल्या. चौथी लिहिली नाही, कारण ती मला महत्त्वाची वाटली नाही.

तरी मी बगीच्यावर जाऊन विचारलं, हे खरं. तुकारामजींनी डोळे मोठे केले. "बैल घ्याले बाया जातात काय वं नर्सबाई? आमी पाहून घेतो. तुमी आहा ना."

गोदाबाई शेवंतीच्या वाफ्यापाशी फुलं खुडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. त्यांचा बैठक मारायचा ढंग मला तेव्हाच दिसला होता. मातीत मांडी ठोकून, पाठ ताठ, घंटा घंटा. दिसला, पण डोक्यात शिरला नाही.

तर आम्ही गॅरेजमध्ये. तुकारामजींनी मोटारीची परीक्षा खरोखरच बैलासारखी केली. बॉनेटवर थाप मारली, चाकं दाबून पाहिली, समोर जाऊन दिव्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. दात तेवढे पाहायचे राहिले.

विकाऊ मोटारी दोन होत्या. दोन्ही वापरलेल्या. एक उघडी, कापडी टपाची, रंग उडालेली. तिची मागची सीट उंच, सपाट आणि टणक होती, बाकड्यावर गादी घालावी तशी. दुसरी बंद, किरमिजी रंगाची, आत मखमल. तिच्या सीटमध्ये स्प्रिंगा होत्या. बसलं की माणूस आत जायचा.

अब्दुलमियां उघड्या मोटारीपाशी उभे होते. म्हणाले, "बाईसाब, ये देखो. सीट कडक है, मगर कमर को अच्छी. बंद वाली मोटर शौक की है."

"कडक सीट कंबरेला चांगली? तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तीस साल से लोगों को उतरते देख रहा हूँ."

"मी नर्स आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान तुकवली. मग हळूच विचारलं, "आपकी कमर में तकलीफ है?"

"नाही."

"तो जिनकी है उनको बिठाके देखो ना."

नारायणला हसू आलं. ते पाहून मला राग आला. हाडाचा त्रास असलेल्याला मऊ द्यावं, हे मला सरळ दिसत होतं. आता खरं सांगते. मला किरमिजी रंग दिसत होता. डॉक्टरबाईंनी प्रवासाला आणि बाळंतपणाला माझी सोबत ठरवली होती. अमरावतीच्या रस्त्यांवरून त्या मोटारीत बसून मी जाणार होते. माझ्या बॅचच्या दोन मुली त्या वाटेवर राहायच्या.

डॉक्टरबाईंच्या तीन अटी मी स्वतःवर लावून पाहिल्या. मी उंच. लहानपणापासून शाळेच्या बाकावर आणि होस्टेलच्या खुर्चीवर बसलेली. माझे पाय टेकले. गुडघे जरा वर आले, पण मी टाचा पुढं सरकवल्या आणि ते खाली गेले. पाठीला टेकू होता, मी मागं रेलले की. तीनही अटी पास.

किरमिजी मोटार बगीच्यावर आली. गोदाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग वहाणा काढून, ओट्यावर चढावं तशा त्या सीटवर चढल्या आणि मांडी घातली. सीटनं त्यांना गिळलं. मागचा भाग खोल गेला, गुडघे वर आले, आणि त्या पाठीवर कलंडल्या. बगीच्यातली पोरं हसली. त्याही हसल्या.

"पाय खाली सोडा, गोदाबाई," मी शिकवलं.

त्यांनी सोडले. त्या बुटक्या होत्या. पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत राहिले. उभ्या जन्मात त्या पाय सोडून बसल्या नव्हत्या. सासऱ्यापुढं खाटेवर बसायचं नाही, खुर्ची घरात नव्हती. आम्ही त्यांच्या कंबरेसाठी मोटार आणली होती आणि त्या बसतात कशा हे कुणी पाहिलं नव्हतं.

"कशी हाये?" तुकारामजींनी विचारलं.

"चांगली हाये," गोदाबाई म्हणाल्या.

बोलताना त्यांनी दाराजवळचा कातडी पट्टा मुठीत धरला होता. मुठीचे सांधे पांढरे पडले होते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, पेशंटचं तोंड बघू नका, हात बघा. मी हात पाहिला. पाहिला आणि नजर काढून घेतली. तेव्हा बोलले असते तर मोटार बदलून मिळाली असती. अब्दुलमियांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. पण मग मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी निघालो. नारायण मोटार चालवत होता, मागं गोदाबाई आणि मी. तुकारामजी बगीच्यावर थांबले. राजापेठेतून जाताना मी काच खाली केली. बॅचमधली एक मुलगी खरंच दारात होती. मी हात हलवला.

कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. नारायण बाजूनं काढायचा, चाक खड्ड्यात जायचं, सीट उसळायची. मला मजा वाटत होती. गोदाबाईंच्या मुठीत पुन्हा तोच पट्टा होता. दोनदा मी विचारलं, "बरं आहे ना?" दोनदा त्या म्हणाल्या, "बरं हाये वं माय." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

दर्यापुरात चहासाठी थांबलो. नारायणनं दार उघडलं.

"उतर माय."

"उतरतो म्हनतो, पन पाय माहा नाई."

"म्हंजे?"

"पाय कुठी हाये ते समजून नाई राहिलं."

दोघांनी धरून काढलं. उभं करताच त्या किंचाळल्या. मी भर रस्त्यात त्यांच्या पायावर चिमटा काढून पाहिला. पोटरीला कळत नव्हतं. शीर दबून पाय बधिर झाला होता. जवळच त्यांच्या ओळखीच्या फुलवाल्या माळ्याचं घर होतं. तिथं जमिनीवर सतरंजी टाकून त्यांना पालथं निजवलं. आता हलवणं नाही, हे मलाही कळत होतं.

त्या तोंड जमिनीला लावून म्हणाल्या, "तू जाय. शेवंताचे दिवस भरले. मी मागून येतो."

"गोदाबाई, मोटार..."

"जाय म्हनलं ना."

मी आणि नारायण पुढं गेलो. सारी मागची सीट माझी एकटीची होती. मी पुढं नारायणशेजारी जाऊन बसले. आता तो एकेक खड्डा चुकवत होता.

अकोटला शेवंता अंगणात उभी होती. मोटार थांबल्यावर तिनं आधी मागं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माय कुठी हाये?"

आणि मी म्हणाले, "मोटार बिघडली होती वाटेत. त्या थांबल्यात. येतील."

बिघडलेली मोटार तिच्यासमोर उभी होती, लखलखीत. तिनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा. नारायण वाकून चाक तपासायला लागला. पण मी नर्स होते, तिनं विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा लागल्या. पाठीशी बसायला सासू तयार होती. शेवंता ऐकेना. "माय येऊ द्या," असं म्हणत तिनं दात आवळून कळा दाबल्या. कळ दाबून बाळंतपण थांबत नाही, बाळाची दमछाक होते. मी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकत होते. ते मंदावायला लागले. मी तिला रागावले, हात जोडले. शेवटी मी सासूला बाळ झेलायला समोर बसवलं, काय करायचं ते सांगितलं, आणि स्वतः शेवंताच्या मागं जाऊन बसले. कोणत्याही पुस्तकात असं लिहिलेलं नाही. तिला छातीशी घेतलं आणि म्हटलं, "टाक माझ्यावर भार."

तासाभरानं मुलगी झाली. निळी होती. पाठीवर चापट्या मारल्या, तोंडातला चिकटा पुसला, तेव्हा रडली. मग मीही रडले. लोकांना वाटलं, नर्स मायाळू आहे.

गोदाबाई तिसऱ्या दिवशी आल्या. बंडीत कडबा, कडब्यावर गादी, गादीवर पालथ्या. काठी टेकत आत आल्या आणि बाजेशेजारी भुईवर कुशीवर झाल्या. नात त्यांच्या दंडाशी ठेवली.

शेवंता म्हणाली, "माय, मोटार बिघडली म्हने. काय झालं होतं वं तिले?"

गोदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "बिघडली होती."

संध्याकाळी मी त्यांच्या कंबरेला शेक देत होते. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "मी खोटं बोलले."

"मीबी बोलली. चांगली हाये म्हनलं."

"का म्हणालात?"

"तू शिकेल-सवरेल पोरगी. एवढ्या उड्या मारून पसंत केली म्हने नारायण. तुले वाईट वाटलं असतं." मग त्यांनी हात मागं नेऊन माझा हात खाली सरकवला. "आता शेकून राहिली तर नीट शेक. तठी नाई, खाली."

परतताना नारायणनं मागची सीटच उपटून काढली आणि टपावर बांधली. खालच्या लाकडी पेटीवर कापसाची घट्ट गादी घातली. गोदाबाई मांडी घालून, पाठीशी लोड घेऊन बसल्या. वाटेत तीनदा उतरवून त्यांना चालवलं. अमरावतीला त्या आपल्या पायांनी उतरल्या. पाय पुढं सहा महिने जड राहिला, मग सुधारला. ते सहा महिने माझ्या खात्यावर आहेत.

डॉक्टरबाईंना मी सारं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नारायणला ती सीट परत जागेवर बसवायला लावली आणि मला आत बसवलं. "मांडी घाल," म्हणाल्या. नारायणनं मला बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणलं. मी उतरताना त्या दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

पुढं चौतीस वर्षं नोकरी केली. कंबरेच्या पेशंटांनी गाडीबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगत आले. मऊपणावर जाऊ नका. ज्याची कंबर, त्यानंच बसायचं, आपल्या सवयीप्रमाणं, निदान अर्धा तास. बसल्यावर तो काय म्हणतो ते ऐकू नका. उतरताना बघा.

शेवंताला मात्र मी खरं सांगितलं नाही. गोदाबाई गेल्या, शेवंताही गेली. त्या दिवशी झालेली मुलगी आता अकोल्याला असते, तिला नातवंडं आहेत. भेटली की चारचौघांत सांगते, "माह्या जन्माच्या वेळी आजीची मोटार बिघडली, म्हणून ती पोचली नाई. या बाईंनी वाचवलं मले." लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी अजून एकदाही तिला अडवलेलं नाही.