नळाचा मुहूर्त

लातूरच्या कडेला आनंदराजची वसाहत आहे. तिथं नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. ते सोडण्याचं काम आनंदराजकडंच. व्हॉल्व्हची लांब चावी सायकलला बांधून तो निघाला, की दारोदार ड्रम घासायला सुरुवात होते. पुढचं पाणी कधी, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळं वसाहतीतली बारशी, साखरपुडे, लग्नं त्यालाच विचारून ठरतात. जोशीकाकासुद्धा पंचांगातून तीन मुहूर्त काढतात आणि त्याच्याकडं येतात.

"आनंदराज, यातला कोणता धरू?"

"सोळाचा धरा काका. नळ हाय."

आनंदराज स्वतः मुहूर्त मानत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पंचांग शिरलेलं नाही, हे तो जोशीकाकांनाही ऐकवतो.

परवा त्याच्या लुंबिनीचं लग्न जुळलं. नांदेडचे व्याही म्हणाले, "आपल्यात कुठं मुहूर्त असतो? कोणताही दिवस धरा."

"बरोबर हाय पाव्हणं. सगळं थोतांड हाय ते."

"मग बावीस तारीख?"

आनंदराजनं डोळे मिटले, पाण्याच्या पाळ्या बोटांवर मोजल्या आणि गंभीरपणे मान हलवली.

"बावीस अशुभ हाय."