कोपरा फाडलेलं कार्ड

आमच्या मालकाला गाव तातेराव मास्तर म्हणायचं. वडीगोद्रीच्या पलीकडं आमचं गाव, आन् सगळ्या गावात इंग्रजी येणारं माणूस हे एकच. येतं म्हंजी काय, शब्द तेवढे इंग्रजी. लिहिणारा माणूस टाळूपासून टाचेपर्यंत मराठी!

बहात्तरच्या दुष्काळात गावची हीर आटली. कोसभर लांबून मी दोन-दोन घागरी आणायची; डोक्यावरचे केस झिजले माझे. गावाला बोर पाहिजे व्हतं. बोरची मशीन ज्या साहेबाच्या हाती, तो मद्रासकडचा. त्याला मराठी वाचता येत न्हाई, म्हणून अर्ज इंग्रजीत पाहिजे. सरपंच साहेबराव घरी येऊन म्हणले, "मास्तर, आता तुमीच तारा." मास्तर असे फुगले की काय सांगू.

दोन दिवस लिहून राह्यले. मी म्हणलं, "काय लिव्हलं ते मराठीत सांगा बरं."

मास्तरांनी घसा खाकरला. "श्री. साहेबांस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व मंडळी खुशाल, आपली खुशाली कळवावी. वहिनीसाहेबांची तब्येत कशी आहे? लेकरं अभ्यास करतात का? म्हैस दूध देते का?"

अशी चार पानं! साहेबाला म्हैस हाय का न्हाई, देव जाणे.

"आन् पाणी कुठंय ह्याच्यात?"

"शेवटी, ताजा कलम टाकलाय," मास्तर म्हणले. "सोयरिकीला गेलेला माणूस दारातच पोरगी मागतो का? आधी बसतो, पाणी पितो."

"कुठलं पाणी पितो?" मी म्हणलं. पण ऐकतंय कोण!

अर्ज गेला. महिना झाला तरी उत्तर न्हाई. शेजारच्या गावाला मात्र मशीन आल्ती, आन् त्यांचा अर्ज दीड ओळीचा. साहेबराव जालन्याला जाऊन चौकशी करून आले. साहेबानं पहिलंच पान वाचलं, 'इकडील सर्व खुशाल'. वाचून त्याला बरं वाटलं, आन् ज्या गावांना काही अडचण न्हाई त्यांच्या गठ्ठ्यात अर्ज ठेवून दिला.

माझं डोस्कंच फिरलं. रिकामी घागर मी मास्तरांच्या पुढ्यात आदळली. "कोण खुशाल हाय इथं? मी खुशाल हाय का? मान मोडून राह्यली माझी, आन् तुमाला त्या साहेबाच्या म्हशीचं पडलंय!"

मास्तरांनी घागर उचलून सरळ ठेवली. मंग हळूच म्हणले, "गोजर, श्री न्हाई, खुशाली न्हाई, असं पत्र फक्त मयताचं असतं. मला दुसरं लिहिता येत न्हाई."

"मंग मयताचं लिव्हा! हीर मेली न्हाई का?"

मास्तरांनी माझ्याकडं पाह्यलं. डोळे भरून आल्ते त्यांचे. त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आन् इंग्रजीत दोनच ओळी लिव्हल्या. आमची विहीर मंगळवारी वारली. मागं दोनशे माणसं आहेत. आन् मयताच्या पत्राच्या रिवाजाप्रमाणं कार्डाचा कोपरा फाडला.

ऑफिसातला कारकून आपल्याकडलाच. फाटका कोपरा दिसताच साहेबाच्या घरचं कुणी गेलं समजून तो कार्ड घेऊन पळत सुटला. साहेबानं घाईघाईत वाचलं, 'वारली' तेवढंच ध्यानात राह्यलं. तिसऱ्या दिवशी गावात जीप आली. साहेब तोंड पाडून उतरला, हातात झेंडूचा हार.

"कौन गुजर गया?"

मास्तर त्याला बराबर हिरीवर घेऊन गेले. साहेबानं वाकून पाह्यलं. तळाला भेगा पडलेला गाळ आन् कुणाची तरी एक चप्पल. हाराचं काय करावं त्याला कळंना. शेवटी त्यानं तो रहाटाला घातला आन् हात जोडले. मंग सगळ्या गावानंच जोडले. मला हसू आवरंना, आन् डोळ्याचं पाणीबी थांबंना.

आठवड्यात मशीन आली. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. मी तिथंच चिखलात फतकल मारून भोकाड पसरलं.

त्याच दुपारी मास्तर आभाराचं पत्र लिहायला बसले. चार पानं! वहिनीसाहेब, लेकरं, म्हैस, सगळं. पाणी लागल्याचं पार शेवटी. मी भांडले न्हाई. वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिव्हलंय?"

"इकडील सर्व मंडळी खुशाल."

"राहू द्या," मी म्हणलं. "या टायमाला खरं हाय."