डाव्या खांद्याच्या जाधवबाई

जाधवबाई गोळी झाडली की आधी बोलायच्या आणि मग बघायच्या. चटईवर पालथ्या पडलेल्या, गाल रायफलच्या लाकडाला टेकलेला, आणि त्याच अवस्थेत पुटपुटायच्या, "नऊ. तीन वाजता." म्हणजे गोळी दहाच्या वर्तुळात न जाता नऊच्या वर्तुळात गेली, घड्याळात तीन असतात त्या अंगाला. मग शेजारच्या स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावायच्या. कार्डावर नऊ असायचा, आणि तीन वाजताच असायचा. आम्ही बाकीच्या आधी दुर्बिणीत बघायचो आणि मग "मला वाटलंच होतं" म्हणायचो. त्यावर बाई म्हणायच्या, "निकाल लागल्यावर पेपर सोपा गेला बोलू नये."

अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या आवारात कामगारांच्या क्लबची जुनी रेंज होती. पन्नास मीटरवर कार्ड, कार्डाच्या मधोमध काळा गोल आणि त्या काळ्याच्या पोटात दहाचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं. बाई आणि मी एकाच तपासणी विभागात होतो. त्या माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. मला रेंजवर त्यांनीच ओढून नेलं. रविवारी विहारातून त्या परस्पर यायच्या, पांढऱ्या साडीत, आणि कपडे बदलून पाच मिनिटांत जमिनीवर. माझी पहिलीच गोळी दहाला लागली तेव्हा मी इतकी किंचाळले की रेंजवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी मात्र तोंड वाकडं केलं. "दहा कोणालाही लागतो, वैशू. वरातीत नाचणाऱ्याचासुद्धा एखादा ठेका बरोबर पडतो. दहाच्या शेजारी दहा लाव, मग नाच." पुढच्या गोळ्या कुठे गेल्या ते न सांगितलेलंच बरं.

त्यांची शिकवण सगळी शरीराची होती. चटईवर बस्तान बसलं की डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि मग डोळे उघडायचे. रायफलच्या टोकावरच्या कडीत काळा गोल बरोबर मधे आला असेल तर बोट दाबायचं. नसेल तर हातांनी रायफल ढकलायची नाही, कमरेपासून अख्खं अंग सरकवायचं. "हातानं ढकललेली रायफल रुसलेल्या जावेसारखी असते. तोंडावर गोड, आणि पाठ फिरली की गेली आपल्या वाटेनं." या एका नियमावर त्या तासन्‌तास गोळीला गोळी चिकटवत राहायच्या.

इतकं असूनही बाईंचं एक राहिलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर राज्य स्पर्धेत ठरलेले गुण पडावे लागतात. बाई दरवर्षी दोन-तीन गुणांनी मागे राहायच्या. एकदा तरी तिथे जाऊन यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि नेमका तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर डाग निघाला, अगदी मधोमध. डॉक्टर म्हणाले, "आजूबाजूचं सगळं दिसेल. ज्याच्याकडे रोखून बघाल तेवढंच दिसणार नाही." मी बरोबर होते. बाहेर आल्यावर मलाच रडू फुटलं. बाई रिक्षा थांबवत म्हणाल्या, "डावा धडधाकट आहे ना? मग खांदा बदलू."

खांदा बदलू! जसं काही पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची होती. नेमबाजाचं अंग एका बाजूला घडलेलं असतं. कोपर, मान, बोट, सगळं. चाळिशी उलटल्यावर ते उलटं करायचं म्हणजे पुन्हा पाटीवर अक्षरं गिरवायची.

पहिलं काम निघालं नेमबाजीत अंग घट्ट धरून ठेवणाऱ्या जाड जॅकेटचं. परदेशी जॅकेट आम्हाला परवडायचं नाही. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्स शिवणारे एक लछमनभाई होते, त्यांच्याकडून आम्ही जाड डेनिमची जॅकेटं शिवून घ्यायचो. खांद्याला आणि कोपरांना ठिगळं, दंडावर पट्टा अडकवायचा हूक. बाईंनी जुनं जॅकेट टेबलावर टाकलं आणि सगळं या बाजूचं त्या बाजूला करायला सांगितलं. लछमनभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, पहले राइट बोला, अब लेफ्ट बोलती हो. गोली तो सीधी ही जाती है ना?"

"तीच तर भानगड आहे, भाई. गोली सीधी जाती है. मी वाकडी जातेय."

त्यानंतर बाई चहा डाव्या हाताने ढवळायला लागल्या, कुलूप डाव्या हाताने उघडायला लागल्या. बदलापूरला, मांजर्लीच्या त्यांच्या घरी मी एकदा गेले तर बाई हॉलमध्ये पालथ्या, डाव्या खांद्याला सुताराकडून करून आणलेला लाकडी दांडा, आणि त्यांचे मिस्टर टीव्ही लावायला त्यांना ओलांडून चाललेले. मला बघून म्हणाले, "या, बसा. जागा बघून बसा." रेंजवर पहिले काही महिने गोळ्या कार्डभर पांगायच्या. कोणाची कीव आलेली बाईंना खपायची नाही. "सहा. आठ वाजता," त्या बोलायच्या, बघायच्या, आणि पुढची गोळी भरायच्या. हळूहळू सहाचे आठ झाले, आठाचे नऊ.

मग राज्य स्पर्धा आली, मुंबईच्या रेंजवर. माझी लेन बाईंच्या शेजारचीच. त्या दिवशी बाईंचा नेम असा लागत होता की मागे उभे असलेले आमचे कोच पवारसर नखं खात होते. शेवटच्या दहा गोळ्या चालू होत्या आणि गुण हाताच्या अंतरावर होते. मी माझी गोळी झाडायच्या आधी दुर्बिणीत सहज बघितलं, तर माझ्या कार्डावर, मी बोटही न लावता, दहा उमटलेला! अगदी बटणाच्या मधोमध. मला क्षणभर काही कळेना. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "दहा. मधोमध." बाई स्वतःच्या कार्डाकडे बघत होत्या, आणि तिथे नवं भोक नव्हतं.

झालं असं की बाईंनी डोळे मिटले, श्वास सोडला, डोळे उघडले, तर कडीत काळा गोल बरोबर मधे. अंग सरकवायची गरजच नव्हती. डाव्या खांद्यामुळे कूस थोडी फिरली होती, आणि तो गोल शेजारच्या लेनचा, माझा होता. प्रत्येक कार्डावर लेनचा नंबर असतो, तो बघायला बाई विसरल्या. त्यांच्या शिस्तीनेच त्यांचा घात केला. नियम सरळ आहे. दुसऱ्याच्या कार्डावर गेलेली गोळी शून्य. बाईंनी हात वर केला. पंच आले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझी गोळी हिच्या कार्डावर गेली."

आता गुण पुरे होणं शक्य नव्हतं. पवारसर मागून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, उठा. आता कशाला डोळ्याला त्रास?"

सात गोळ्या उरल्या होत्या. बाईंनी मान न वळवता विचारलं, "उरलेल्या गोळ्यांनी काय वाकडं केलंय, सर?" आणि त्यांनी अंग सरकवलं.

मी माझं काम सोडून ऐकत राहिले, हे खरं. "दहा." मग बऱ्याच वेळाने, "दहा." आवाज चढला नाही, उतरला नाही. त्या सातही गोळ्या दहाच्या होत्या. आम्ही परत निघालो. मला त्या रागाच्या भरात काहीतरी बोलतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "डाव्या खांद्याला येतंय, वैशू. आज पटलं. आता फक्त त्याला आपलं घर ओळखायला शिकवायचं." आणि दुसऱ्या दिवशी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, चपातीचा घास तोंडात असताना मला विचारलं, "रविवारी येतेस ना?"

वर्षभर त्यांनी एकच गोष्ट घोटली. डोळे उघडले की आधी नंबर, मग गोल. मी वैतागायचे. त्या वैतागल्या नाहीत. मला त्या बाईचा कधी कधी रागच यायचा, कारण तिच्यासमोर आपला कंटाळा फार उघडा पडायचा.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेच्या निकालाचा कागद रेंजच्या भिंतीवर लागला तेव्हा ही गर्दी उसळली. बाई गर्दीत शिरल्या. डाव्या डोळ्याने बघायला मान जराशी तिरकी करून त्यांनी आपलं नाव शोधलं. नावापुढचा आकडा राष्ट्रीयसाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा एकाने जास्त होता. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

मागची पोरं ओरडायला लागली, "ओ मॅडम, बाजूला व्हा ना, आम्हाला पण बघू द्या!"

बाईंनी बोट उचललं नाही.

"थांबा रे जरा," त्या म्हणाल्या. "लई लांबून आलेय मी."