काचेत नसलेले ठिपके

कारखान्यात तिला सगळे घारताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सुपरवायझर एकदा तिथेही चुकून ‘घार’ असंच लिहून बसला होता. बस आणि ट्रकच्या पुढच्या मोठ्या काचा तिथे बनायच्या, आणि पॅकिंगला जाण्याआधी प्रत्येक काच तिच्यासमोर उभी राहायची. काचेमागे पांढऱ्या उजेडाचा फळा, काचेपुढे ती, हातात लाल मेणाची पेन्सिल. काचेच्या पोटात अडकलेला खसखशीएवढा बुडबुडा असो की केसाएवढा ओरखडा, तिची नजर नेमकी तिथेच जाऊन बसायची. पेन्सिलीनं गोल काढला की काच बाद. त्यावर कुणी वाद घालत नसे. पॅकिंगच्या टेबलावरची जाडजूड बाई, जिला सगळे मावशी म्हणत, ती म्हणायची, “हिचा नवरा बिचारा शर्टाला डाग घेऊन घरात शिरतच नसेल.”

नवरा बस चालवायचा. घरी तो, शाळेत जाणारी एक लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते. चहाचा कप ठेवताना त्या आधी बोटांनी टेबलाची कड शोधायच्या, मग कप. जेवताना ताटात काय कुठे आहे ते घारताई सांगायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही भयंकर आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या आठवड्यात तिची अर्धशिशी उठली होती. तशी ती अधूनमधून उठायची, पण या वेळी डोकं उतरलं आणि काहीतरी मागे राहिलं. कामावर परत आली त्या सकाळी पहिलीच काच समोर आली आणि तिच्यात बारीक बारीक ठिपके दिसले. हजारो. पेन्सिल कुठे टेकवावी कळेना, म्हणून तिनं काच सरळ बाद केली. दुसरी आली, तीही तशीच. तिसरी बाद केली तेव्हा सुपरवायझर स्वतः आला. त्यानं काच उजेडात तिरकी करून पाहिली, फडक्यानं पुसली, पुन्हा पाहिली आणि म्हणाला की यात काहीच नाहीये.

ती म्हणाली, धूळ असेल. तो गेल्यावर तिनं काचेवरून नजर काढून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरही ठिपके होते. जुन्या टीव्हीचं प्रक्षेपण बंद पडल्यावर पडद्यावर जशा मुंग्या येत, तशी अख्खी भिंत बुजबुजत होती. सुपरवायझरच्या पाठीवर, छपरावर, तिच्या स्वतःच्या हातावरही तेच. तिनं डोळे मिटले. ठिपके तिथेही होते.

वाईट दिसलं तर डोळे मिटावेत, एवढं लहान पोरालाही कळतं. आता मिटायलाही जागा उरली नव्हती.

घरी ती काही बोलली नाही. थकवा असेल, झोप झाली की जाईल, असं स्वतःला समजावत राहिली. गेलं नाही. उलट रोज त्यात काहीतरी भर पडत गेली. बल्बकडे पाहून मान वळवली की बल्ब तिच्यासोबत यायचा, लेकीच्या चेहऱ्यावर हिरवट होऊन तरंगत राहायचा. नवरा दारातून हात हलवून निघाला की त्याच्या एका हातामागे हातांची पुसट रांग दिसायची. कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती थांबेना. दिवेलागणीनंतर घरातले कोपरे इतके दाटून यायचे की तिथे खुर्ची आहे की कुणी बसलंय, हे जवळ गेल्याशिवाय समजत नव्हतं. हळूहळू ती भिंतीला हात लावत चालायला लागली.

आणि सासूबाईंकडे तिला बघवेना. त्यांची बोटं टेबलाची कड शोधू लागली की ही मान फिरवायची. उद्या आपणही अशाच, एवढंच डोक्यात. दोन आंधळ्या बायका, एक बस चालवणारा माणूस आणि एक लहान पोर.

कामावर तर पंचाईतच होती. सगळंच बाद करून चालणार नव्हतं, मग ती सगळंच पास करू लागली. अंदाजानं. कधी हातानं चाचपून, कधी मान हलवून हलवून, कारण मान हलवली तरी ठिपके जागचे हलत नसत आणि काचेतली खरी खोट मात्र सरकायची. ही युक्ती बरी होती, पण तिच्यावर भरवसा ठेवावा इतकी बरी नव्हती. प्रत्येक काच पुढे सरकली की तिला ती कुठल्यातरी बसला लावलेली दिसायची, मागे ड्रायव्हर, आणि त्या ड्रायव्हरला तिच्याच नवऱ्याचं तोंड.

एका दुपारी ती गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, उजेड मारला, अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांतला दाब मोजला आणि सांगितलं की डोळे अगदी उत्तम आहेत, चष्मासुद्धा नको. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. हिचं मात्र तोंडचं पाणी पळालं. डोळे ठीक असतील तर मग बिघडलंय ते डोकंच. तिनं पुन्हा एकदा विचारलं, पण मला ठिपके दिसतात त्याचं काय? डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीतरी खरडत विचारलं, ताण आहे का घरी? काही आवाजबिवाज ऐकू येतात का? कानातल्या शिट्टीबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटून घेतलं. नाही म्हणाली. वेड्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी हातात पडेल या धास्तीनं पुढे काही न विचारताच उठून आली.

त्यानंतर तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. जेवताना ती ताटातलं काय कुठे आहे तेवढंच सासूबाईंना सांगायची. लेक गृहपाठ दाखवायला आली की वहीचं पांढरं पान पाहून डोळे दुखायचे, म्हणून ती पोरीवर उगाच खेकसायची. मग स्वयंपाकघरात तोंड लपवून रडायची.

घात केला तो काचेनंच. तिनं पास केलेली एक काच मावशीनं पॅकिंगच्या टेबलावर घेतली आणि कागद गुंडाळता गुंडाळता थांबली. ड्रायव्हरच्या अगदी नजरेसमोर येईल अशा जागी, काचेच्या दोन थरांमध्ये बोराएवढा बुडबुडा होता. आंधळ्यालाही दिसला असता. मावशी हसत म्हणाली, “घार आज डुलकी घेतेय वाटतं.” आजूबाजूच्या बायकाही हसल्या. घारताईही हसली, आणि बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

तोंड धुऊन ती सरळ सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली की मला तपासणीवरून काढा. त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, डोळे दाखवतेय. तो म्हणाला, तोवर मावशीकडे पॅकिंगला बस.

घरी आली तेव्हा सासूबाई एकट्याच होत्या. तिनं चप्पल काढली, भिंतीला हात लावत आत आली.

“किती दिवस चाललंय?” सासूबाईंनी विचारलं.

“काय?”

“भिंतीवर हात घासत चालतेस. या घरात ते फक्त मी करते.”

घारताई खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके, शिट्टी, मागे येणारा बल्ब, बाद केलेल्या काचा, पास केलेल्या काचा. सासूबाईंनी विचारलं की काळोख कडेनं आत येतोय का. त्यांचं तसंच झालं होतं, दाराची चौकट आवळत जावी तसं. शेवटी मधला एक रुपयाएवढा तुकडा उरला होता आणि मग तोही गेला.

“कडेनं नाही. सगळीकडे सारखंच आहे. मधूनही दिसतं, पण ठिपक्यांतून.”

“मग ते माझं नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज कापत होता, आणि तेवढ्यानं हिचा धीर पुन्हा सुटला.

नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो समजून घेईल, जवळ बसेल असं तिला वाटलं होतं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला आणि तो एवढंच बोलला, “या डोळ्यांनी तू पोरीला रोज स्कूटरवर शाळेत सोडत होतीस?”

ती सोडत होती. घाबरत, गाडी अगदी कडेनं चालवत, पण सोडत होती. त्यानं स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली आणि जेवणही न करता गच्चीवर गेला. सासूबाई म्हणाल्या, बोलू नकोस त्याच्याशी आत्ता, तो रागावलेला नाही, त्याची पाचावर धारण बसलीय. माझ्या वेळेसही तो असाच गच्चीवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो पोरीला स्वतः सोडून आला. येताना एक पिवळसर, मंद दिवा आणला आणि स्वयंपाकघरातली ट्यूब काढून तो लावला.

मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, त्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासूबाई म्हणाल्या, मी जाते हिच्यासोबत. आंधळी काय सोबत करणार, असं कुणी म्हणायच्या आत त्यांनी काठी घेतली होती. खिडकीवरच्या कारकुनानं दोघींकडे पाहिलं आणि सासूबाईंनाच पेशंट समजून वय विचारलं. त्या म्हणाल्या, “मी नव्हे, ही. माझा नंबर कधीच लागून गेला.” इतक्या भीतीतही घारताईला हसू फुटलं.

मेंदूचा फोटो काढायचा होता. अंगावरून बोगदा सरकला, मशीन ठकठक करत होतं आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे ठिपक्यांचा नुसता गदारोळ. गाठ निघणार, हे ती मनाशी धरूनच चालली होती. लेकीची वेणी कोण घालेल इथपर्यंत ती पोचली होती.

गाठ निघाली नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं, कानातल्या शिट्टीचंसुद्धा. या वेळी हिनं लपवलं नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा हिच्याकडे वळवला. पडद्यावर एका खोलीचा फोटो होता, आणि त्या फोटोवर ठिपके थरथरत होते.

“असं दिसतं का?”

घारताई पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस जे फक्त तिच्या डोक्यात होतं, ते बाहेर, दुसऱ्याच्या टेबलावर होतं. तिला रडू आवरेना. सासूबाईंना काहीच दिसत नव्हतं. त्या घाबरून विचारू लागल्या, काय झालं, काय दाखवलं तिला?

डॉक्टरांनी सांगितलं की याला व्हिज्युअल स्नो म्हणतात. डोळा त्याचं काम नीट करतो, पण डोळ्यानं पाठवलेलं मेंदू जिथे निवडून-पाखडून घेतो तिथे काहीतरी जास्तीचं चालू राहतं. अर्धशिशीवाल्यांना होतं, इतरांनाही होतं. हे वेड नव्हे. यानं आंधळेपण सहसा येत नाही. का होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही, आणि हमखास जाईल असं औषधही नाही. रंगीत काचेचा चष्मा काहींना बरा पडतो, झोप आणि ताण सांभाळावा लागतो. पुष्कळांच्या बाबतीत ठिपके राहतात, पण त्यांच्याकडे लक्ष जाणं कमी होतं.

“आणि नाही झालं कमी तर?” हिनं विचारलं.

“तर तुम्ही परत या. आपण बघू.”

‘बघू’ या शब्दावर तिला राग आला. पण निदान आजाराला नाव होतं.

तपासणीच्या टेबलावर ती पुन्हा गेली नाही. तिथे आता दुसरी बाई आहे, जरा हळू आहे, पण नजर बरी आहे. घारताई मावशीशेजारी काचांना कागद आणि खोके चढवते. सगळं कळल्यावर मावशीनं डुलकीच्या थट्टेबद्दल माफीबिफी मागितली नाही. उजेडाच्या झोताखालची खुर्ची तेवढी स्वतःकडे ठेवली, आणि तिला खिडकीकडे पाठ असलेली जागा दिली. गुलाबीसर काचेचा चष्मा लावून ती काम करते. स्कूटरची किल्ली अजून नवऱ्याच्याच खिशात असते. त्यावरून अधूनमधून भांडण होतं.

भीती गेली असं म्हणता येणार नाही. काही दिवस ठिपक्यांची आठवणही येत नाही, आणि मग स्वच्छ निळं आभाळ बघताना सगळं अंगावर येतं. सकाळी डोळे उघडण्याआधी ती क्षणभर थांबते, आज जास्त असतील का म्हणून.

मध्ये एकदा संध्याकाळी वीज गेली. अंधारात ते सगळ्यात वाईट असतं, खोली नुसती उकळत असते. लेक शेजारी खेळायला गेली होती. घारताई चाचपडत सासूबाईंच्या पलंगापाशी आली आणि कडेला बसली. त्यांनी न विचारताच सरकून जागा केली.

“आई, तुम्हाला सवय झाली ना?” हिनं विचारलं. “आता भीती नाही वाटत तुम्हाला?”

“वाटते,” सासूबाई म्हणाल्या. “रोज उठल्यावर वाटते. कुणी विचारलं नव्हतं आजवर.”

घारताईनं त्यांचा हात धरला. तो तिच्या हाताइतकाच गार होता. वीज येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.