वाटून घेतलेली कसर

मिरजेत नियाजभाईंच्या दुकानात तंबोरा घेऊन कुणी शिरलं की आधी तंबोऱ्याची नाही, आणणाऱ्याची तपासणी व्हायची. "गाडीच्या टपावर बांधून आणला? उन्हात? मग माझ्याकडं कशाला आणला, वखारीत द्यायचा, जळणाला." समोरचा गवई कितीही नावाजलेला असो, गुमान ऐकून घ्यायचा, कारण भाईंसारखी जवारी गल्लीत दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हती. तारांखाली जी घोडी असते ती कानशीनं इतकी अलगद घासायची की तार तिच्यावर टेकते आणि टेकतही नाही, आणि सूर भरून येतो, ती जवारी. एक हात जास्त फिरला की घोडी वाया. चाळीस वर्षांत भाईंनी किती घोड्या घासल्या याची मोजदाद नाही, वाया गेलेल्या मात्र त्यांना एकूण एक आठवत.

माणूस हट्टी होता, हे कबूल करायला हवं. दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत की आवाज हलतो, वर-खाली होतो. भाई त्याला डोल म्हणायचे. डोल मोडेपर्यंत ते जेवायला उठत नसत. झुबेदाभाभी तीनदा हाक मारत, चौथ्यांदा ताट झाकून ठेवत आणि शेजारणीला म्हणत, "ह्यांचं लगीन माझ्याशी लागलंय का भोपळ्याशी, अजून उमगलं न्हाई मला."

अशा माणसाच्या पायरीवर त्र्याण्णवच्या डिसेंबरात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, सुती पातळ, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, आणि भर दुपारी हातांत लोकरीचे मोजे. नाव अनसूयाबाई, गाव वाई. पाचगणीच्या एका निवासी शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं आणि तिथल्याच एका म्हाताऱ्या सिस्टरच्या मागं लागून पियानो शिकून घेतला होता. निवृत्तीला शाळेनं त्यांना तोच जुना पियानो दिला. तो वाईच्या घरात घ्यायला आठ माणसं लागली आणि दाराची चौकट काढावी लागली, तेव्हा आळीतले लोक म्हणाले, बाईंना म्हातारचळ लागला.

बाई गाणी रचत. शब्द मराठी, त्यांचेच. गाणारा एक गळा, आणि सोबतीला पियानो. नुसता मागं वाजत राहणारा पियानो नव्हे. गाणाऱ्याशी बोलणारा, मध्येच त्याला अडवणारा, तो गप्प झाला की राहिलेलं पुरं करणारा. तीस वर्षांत सात गाणी झाली होती. सातच, आणि ती बाहेरच्या कुणी ऐकलेली नव्हती. आता त्यांच्या एका विद्यार्थिनीची मुलगी, सांगलीची श्रद्धा, ख्याल शिकलेली पोर, ती गाणी पाठ करून बसली होती. सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता, येत्या रविवारची संध्याकाळही ठरली होती. फक्त पियानो पार उतरलेला, आणि पुण्याचा लावणारा म्हणत होता, फेब्रुवारीत येतो.

"मग फेब्रुवारीत करा की बाई," भाई कानशी न थांबवता म्हणाले. "मी पियानो लावत न्हाई."

बाईंनी मोजे काढले. बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या. "इथल्या दवाखान्यातूनच आलेय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर चालतील. पुढचं सांगत नाहीत."

भाईंची कानशी थांबली. हातावर पोट असलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात कळतो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या पट्टीत गाणार?" त्यांच्या धंद्यात हा पहिला प्रश्न. गाणाऱ्याचा सा कुठला, ते कळल्याशिवाय तंबोऱ्याला हात लावायचा नसतो.

बाई म्हणाल्या, "सुरुवात काळी चारमध्ये आहे."

सुरुवात, असं त्या म्हणाल्या. भाईंनी काळी चार तेवढी ऐकली.

मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस ते त्या हॉलमध्ये पियानोच्या पोटात डोकं घालून बसले. सव्वादोनशे तारा, एकेका पट्टीला तीन-तीन. तारांमध्ये चामड्याचे तुकडे सरकवून नको त्या तारा गप्प करायच्या आणि एकेक तार खुंटीच्या किल्लीनं चढवत न्यायची. काळी चारचा सा धरला आणि त्या साशी पंचम, गांधार, धैवत, सगळे अस्सल जुळवले, तंबोऱ्यातून आपोआप उमटतो तसला गांधार. डोल म्हणून कुठं शिल्लक ठेवला नाही. गुरुवारी घरी आले ते लग्नघरातून आल्यासारखे, आणि पहिल्या हाकेला जेवायला बसले.

शुक्रवारी तालीम. पहिलं गाणं सुरू झालं आणि बाईंनी दुसऱ्याच ओळीला हात उचलला. "असा पियानो मी जन्मात ऐकला नाही हो," त्या म्हणाल्या. श्रद्धाचे डोळे भरले होते. दुसरं, तिसरं गाणं तसंच गेलं. भाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून आढ्याकडं बघत होते, म्हणजे खुशीत होते.

चौथं गाणं निम्म्यावर आलं आणि पियानो केकाटला. अगदी शेपटीवर पाय पडल्यासारखा. बाईंनी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. भाई धावले, खुंटी घसरली असेल म्हणून एकेक तार तपासली. एकही हललेली नव्हती.

बाई खाली मान घालून बसल्या होत्या. "चूक माझी. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही सगळे सूर एका सासाठी लावलेत."

"मग? सा एकच असतो."

"माझ्या चौथ्या गाण्यात तो जागा सोडतो. काळी चारवरून पार पांढरी दोनमध्ये जातो."

"सा हलला म्हंजे गाणारा बेसूर झाला," भाई म्हणाले. "कशाला हलवायचा त्याला?"

खरं तर हा प्रश्न नव्हता, राग होता. पण बाईंनी उत्तर दिलं. "माझी धाकटी बहीण, लीला. सहासष्ट साली पाटणला दिली. लग्नानंतर माहेरपणाला आली होती, परत जाताना मी वाईच्या स्टँडवर पोचवायला गेले. गाडी वळली आणि खिडकीतून तिचा हात तेवढा दिसला. पुढच्या वर्षी भूकंप झाला, त्यात ती गेली. ते गाणं तिचं आहे. 'वळणावर गाडी गेली, हात तेवढा राहिला,' या ओळीवर सा हलतो. मी स्टँडवरच राहिले, भाई. गाणं मात्र गाडीबरोबर जातं."

मग भाईंनी विचारलं, काय करावं लागेल. बाईंनी सांगितलं, प्रत्येक सुरात थोडं थोडं कमी-जास्त ठेवायचं. सूर कितीही अस्सल लावले तरी हिशेबात कसर कुठंतरी राहतेच, ती एका कोपऱ्यात साठली की तिथं पियानो केकाटतो. बारा सुरांनी ती वाटून घेतली की सा कुठल्याही घरी जाऊ शकतो.

"म्हंजे एक बी सूर खरा राहणार न्हाई."

"सा तेवढा."

"पंचम तरी सोडा बाई."

"पंचमही."

भाईंनी पिशवी उचलली आणि ते सरळ स्टँडवर गेले. आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? पण चाळीस वर्षं ज्यानं डोल मोडण्यातच हात झिजवले, त्याला कुणी सांगितलं की डोल मुद्दाम ठेव, तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. त्यांचा अपमान झाला होता आणि तो कुणी केला नव्हता, म्हणून कुणावर ओरडताही येत नव्हतं.

घरी त्यांनी झुबेदाभाभींना सगळं सांगितलं. भाभी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला. "त्या बाईचा हात सुजलाय, भन मातीत गेली, आन तुमी सुराचं घेऊन बसलाय व्हय?" तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "मला बी भन हाय. कोल्हापूरला दिल्यापास्नं चार बारी भेटली. उद्या डबा घेऊन मी बी येतो."

शनिवारी सकाळी बाईंनी वहीतून एक पिवळा कागद काढला. पाचगणीला पियानो लावायला येणाऱ्या माणसानं त्यावर खुणा लिहून ठेवल्या होत्या: मधल्या सप्तकात पंचम जुळवताना पाच सेकंदांत तीन डोल राहिले पाहिजेत. कमी नाही, जास्त नाही. भाभी मनगटावरचं घड्याळ काढून समोर धरून बसल्या आणि दर पाच सेकंदांनी डब्याच्या झाकणावर टिचकी मारू लागल्या.

पहिला पंचम घेतला. डोल सात, सहा, पाच, चार, तीन, आणि भाईंचा हात थांबेचना. दोन, एक, संपला.

"परत साफ केलासा," भाभी म्हणाल्या.

असं चारदा झालं. हाताला सवयच ती. पाचव्यांदा भाईंनी डावा हात उजव्या मनगटावर धरला आणि तिसऱ्या डोलाला स्वतःला रोखलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. पण एकदा रोखता आलं तेव्हा कळलं, की ज्याला डोल मोडता येतो त्यालाच तो मापात ठेवताही येतो. रविवारी दुपारी बारापर्यंत पियानो लागला.

संध्याकाळी साठेक माणसं आली. भाई आणि भाभी शेवटच्या रांगेत. पहिल्या गाण्याला भाईंचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला, कारण त्यांचा गांधार त्यात नव्हता आणि तो नाही हे सबंध हॉलमध्ये त्यांना, बाईंना आणि श्रद्धालाच कानानं कळत होतं. मग चौथं गाणं आलं. श्रद्धा 'वळणावर'पर्यंत आली, बाईंची सुजलेली बोटं पियानोवर पसरली, आणि सा गेला. केकाटलं काही नाही. खालची सगळी जमीन हलली आणि गाणं तिच्यावरून नीट चालत पलीकडं गेलं. भाई रडले. भाभींनी पदर पुढं केला. नंतर विचारलं की ते सांगत, सर्दी होती.

गाणी संपल्यावर बाई त्यांच्यापाशी आल्या. आभार वगैरे मानले नाहीत. "आज गाडी नीट गेली," एवढंच म्हणाल्या.

पुढं सव्वादोन वर्षांनी, शहाण्णवच्या मार्चात, वाईहून पोस्टकार्ड आलं. सही बाईंची, वाकडीतिकडी, अक्षर श्रद्धाचं. ती लग्न होऊन साताऱ्याला आली होती आणि दर रविवारी बाईंकडं जायची. लिहिलं होतं: घरचा पियानो लावून द्यावा. या वेळी तुमच्या सुरात, काळी चारला.

भाई खूश झाले आणि कार्ड गल्लीभर दाखवून आले. निघताना भाभींनी न विचारता आपलं मनगटी घड्याळ त्यांच्या पिशवीत टाकलं. "ह्याचं काय काम?" भाई म्हणाले. "तिथं डोल मोजायचं न्हाईत." भाभींनी ते परत काढलं नाही.

वाईला बाई आरामखुर्चीत होत्या. बोटं आत वळली होती, चहाचा कप शेजारीण धरत होती. "आता एका बोटानं दाबते," त्या हसून म्हणाल्या. "सा, ग, प. बाकीचं कुठलं होतंय? म्हटलं, तुमचा तो गांधार एकदा घरात ऐकावा आणि बसून राहावं."

भाई पियानोपाशी बसले, झाकण उघडलं, सा धरला. पंचम चढवला, डोल मोडला. दुसरा मोडला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय. आपल्या सुरात लावला की पहिली तीन गाणी स्वर्गासारखी वाजतील आणि चौथं या घरात पुन्हा कधी वाजणार नाही. बाईंना हे माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी लिहिलं होतं. त्या लीलाला सोडायला निघाल्या होत्या.

भाईंनी किल्ली बाजूला ठेवली. मग पिशवीतून भाभींचं घड्याळ काढून त्यांनी पियानोवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेबारापर्यंत काम झालं. तोवर श्रद्धाही आली होती. बाईंना खुर्चीसकट पियानोपाशी आणलं. त्यांनी वाकड्या बोटानं सा दाबला, मग गांधार. थांबल्या. पुन्हा दाबला.

"हा तुमचा गांधार नाही."

"न्हाई."

"मी कार्डात काय लिहिलं होतं?"

"वाचलं की. लय येळा वाचलं." भाई किल्ली फडक्यात गुंडाळत होते, वर बघत नव्हते. "बाई, माझा गांधार मिरजेत रोज वाजतो, तुमी कवा बी या. तुमचं गाणं दुसरीकडं कुठं हाय? ही पोर गाती, तिला वाजवायला शिकवा. तुमी बसून सांगा, ती वाजवंल."

बाईंनी एका बोटानं चौथ्या गाण्याची ओळ घेतली, हळूहळू, चाचपडत, आणि वळणाशी येऊन अडल्या, कारण तिथं एक बोट पुरत नव्हतं. श्रद्धा त्यांच्या शेजारी टेकली आणि तिनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

"डावा हलका ठेव," बाई म्हणाल्या. "तो रडत नाही, तो नुसता बघतोय."

श्रद्धाचं चुकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकलं. दीडच्या साताऱ्याच्या गाडीला जायचं म्हणून भाईंनी पिशवी खांद्याला लावलेली होती. स्टँड जवळच होता, गाडी सुटल्याचा हॉर्न घरात ऐकू आला. भाईंनी पिशवी खाली ठेवली आणि ते उंबऱ्याजवळच्या पाटावर ऐकत बसले.